हातचा एक

शेवटच्या दिवशी, दुपारी दोननंतर,
लायब्ररीच्या तळघरात पुस्तकं पिशवीच्या भावाने जातात:
पाच डॉलर, मावतील तेवढी.
पिशवी तेच देतात, तपकिरी, कागदी,
आणि दारावरची डोलोरेस बजावते,
"खालून धर गं, बूड फाटतं."

फोर्ट वेनमधला मार्च म्हणजे
ना धड थंडी, ना धड काही.
कोट काढून कमरेला बांधला आणि शिरले.

घरी टेबलावर कॅटलॉग पडलाय, गुळगुळीत.
इयत्ता चौथी, संपूर्ण संच: तीनशे एकोणनव्वद.
उत्तरांचं पुस्तक वेगळं. प्रयोगाचं साहित्य वेगळं.
वरची मुलं इतकी स्वच्छ
की त्यांचं कधी काही अडलंच नसावं.
शार्दूल म्हणाला, हप्त्याने घेऊ.
मी म्हटलं, आधी गाडीचे टायर.

इथे मी पालेभाजी निवडावी तशी निवडते,
पानं उलटून, वास घेऊन;
दमट लागलं की परत.
ज्वालामुखी घेतला. बेडकाचं आतडं घेतलं.
एक नकाशांचं पुस्तक, त्यात एक देश असा
जो आता कुठेच नाही.
तेही घेतलं. तो धडा फुकटच.

लांब स्कर्टातली एक बाई, मागे पाच मुलं,
मला विचारते, "तुमचा अभ्यासक्रम कुठला?"
कुठल्या देवळात जाता, असं विचारावं तसं.
मी म्हणते, अजून ठरतंय.
ती माझ्या पिशवीकडे बघून हसते:
"पहिलं वर्ष ना? पहिल्या वर्षी सगळेच जास्तीचं घेतात."

निहार शाळेत लिहीतच नसे.
वर नाव घालायचा, सुवाच्य, तारीख घालायचा,
आणि खाली कोरा कागद द्यायचा.
चुकणार असेल तर कशाला, असं एकदाच म्हणाला,
तेही गाडीत, मागच्या सीटवरून.
बाईंनी अहवालात जो शब्द लिहिला
तो मी घरात अजून उच्चारलेला नाही.

ढिगाच्या तळाशी गणिताची वही सापडली.
कुणा वेस्लीने सोडवलेली, पेन्सिलीने, एकसष्ट पानं.
पुढचं सगळं कोरं.
पेन्सिलच आहे, म्हटलं, जाईल खोडून.

रात्री खोडरबर घेऊन बसले.
आठ पानं झाली, टेबलावर करडा चुरा,
मनगट भरून आलेलं.
नवव्या पानावर मागून पायजम्यातला आवाज:
"थांब. हे चुकलंय."
सत्तेचाळीस अधिक अडतीस, वेस्ली म्हणतो पंचाहत्तर.
"हातचा विसरला तो!"

हातचा. जो उत्तरात लिहायचा नसतो,
मुठीत धरायचा असतो पुढच्या घरापर्यंत.
हा शब्द त्याला मीच दिला होता
आणि तो घेतलाय की नाही
हे मला दीड वर्ष कळलं नव्हतं.

"आई, हा किती चुकतो गं!"
इतक्या आनंदाने कुणी कुणाला कधी नावं ठेवली नसतील.
माझ्या हातातला खोडरबर काढून घेतला,
पेन्सिल शोधली, आणि वेस्लीच्या उत्तराखाली,
बारीक अक्षरात, त्याला लागू नये अशा बेताने,
लिहिलं: पंच्याऐंशी. काही हरकत नाही.

आता आमचा अभ्यासक्रम हाच.
सकाळी पोहे, मग वेस्लीची दोन पानं तपासायची,
मग बेडूक, मग तो नसलेला देश.
कॅटलॉग टेबलाच्या पायाखाली गेला.
टेबल अजून डुगडुगतं, पण कमी.

एकसष्टाव्या पानावर वेस्ली थांबलाय
भागाकाराच्या मधोमध, बाकी न काढता.
निहारने ते आधीच उघडून पाहिलंय, मला माहीत आहे;
पानाचा कोपरा दुमडलेला आहे.
आम्ही अजून चौतीसवर.
काल झोपताना, भिंतीकडे तोंड करून, म्हणाला,
"एकसष्टनंतर माझं चुकलं
तर खाली कोण लिहिणार?"

मी दिवा मालवला
आणि तिथेच बसून राहिले.