सरकी

दुरुस्तीला आलेल्या टेपात
कॅसेट तशीच राहिलेली.
हेड पुसलं, लावून बघितली:
कुणी बाई, घशात सरकी अडकल्यासारखी.
मागं ठोका,
ओझं खांदापालट करून मग टाकलेल्या पावलासारखा,
उशिरा.

समोर जिनिंगच्या भिंतीशी
मसाजी हलगी शेकत होता पऱ्हाटीच्या जाळावर.
"काय म्हणायली ही?"
इंग्रजी मला तरी कुठं येतंय?
वरची अक्षरं जुळवून वाचली: ऱ्हिदम अँड ब्लूज.

"कापूस येचलाय हिनं,"
नखात मोडलेलं बोंडाचं टोक चाचपत
तो म्हणाला. "परत लाव."

रात्री सेलूच्या चौकातून वरात गेली.
हलगी ठोक्याच्या किंचित मागं,
बाईला श्वास घ्यायला जागा ठेवून.
नाचणारी पोरं अडखळली.
मसाजीनं वर बघितलं नाही.