लोभाजीची गाढवी

झावळ्यांच्या रविवारी बाबा उजाडायच्या आत निघाले,
लोभाजी कुंभाराच्या भट्टीकडे, मला घेऊन.
तो दारात निंबाची काडी चावत होता.
"गाढव पायजे? अन् तेही देवाले?"
एवढा हसला की काडीच पडली.
"अडला हरी गाढवाचे पाय धरी,
आमची बुढी म्हणे. हे तं खरंच निंगालं, पादरीसायेब."

बाबाही हसले. मग म्हणाले, पुस्तकात दोन आहेत,
आई आणि तिचं शिंगरू.
दोघांनाही आणायला सांगितलं होतं त्यानं.
दावं सोडता सोडता लोभाजीनं
माझ्याकडं पाहिलं, बाबांकडं नाही.
"शिंगरू नाई आता. मायलेच न्या."

तिच्या पाठीवर काळा पट्टा होता, खांद्यांवर एक आडवा.
क्रूस आहे बघ, बाबा मला म्हणाले.
"तिच्या मायलेही होता," लोभाजी म्हणाला.
"रेतीच्या गोण्याखाली दिसत नाई, बस."

आमच्या गावात गाढवावर बसतो तो
ज्याची धिंड निघते.
पंपाची मोटर चोरणारा, तोंडाला काजळी, गळ्यात चपला.
म्हणून प्रभू व्हायला कोणी तयार नव्हतं.
शेवटी आमोस खंडारे बसला, वय अकरा,
आईचं पांढरं लुगडं गुंडाळून,
पाय जवळजवळ जमिनीला टेकलेले.
"लोक हसतील," तो म्हणाला.
"तेव्हाही हसलेच असतील," बाबा म्हणाले.

आम्ही सव्वीस जण, हातात शिंदीच्या झावळ्या.
पहिली होसान्ना तिनं माझ्या हातातूनच खाल्ली.

नाल्याच्या रपट्याजवळ ती थांबली.
ओढली. ढकलली. गुळाचा खडा दाखवला.
कुणीतरी म्हणालं, गाढवाला गुळाची चव काय.
आमोस वरून हळूच म्हणाला, मी उतरू का?
बाबांनी काठी उचलली

आणि तशीच धरून राहिले.
मला माहीत होतं त्यांना काय आठवलं.
लाइट गेलेल्या एका रात्री त्यांनीच सांगितलं होतं:
पैशासाठी शाप द्यायला निघालेला एक माणूस,
द्राक्षमळ्यांमधली अरुंद वाट,
तीनदा मारलं त्यानं आपल्या गाढवीला,
आणि समोर तलवार घेऊन उभा असलेला
फक्त तिलाच दिसत होता.
मग तिनं आधीच का नाही सांगितलं, मी विचारलं होतं.
सांगत होती की, बाबा म्हणाले होते. तीनदा.

रपट्यावर काहीच नव्हतं.
ऊन. कडेच्या दगडाला घासलेला निळा रंग.

मागून लोभाजीची पोरगी पळत आली, घामाघूम.
"बाप म्हणे सांगाचं राह्यलं.
तिले इकून नका नेऊ.
पोयाच्या टायमाले रेतीच्या ट्रॅक्टरनं
इथंच तिचं लेकरू..."
पुढचं ती बोलली नाही.
गाढवीनं एक कान हलवला.

काठी नाल्यात गेली.
आमोस उतरला, लुगडं कमरेला खोचलं.
तो पुढं, ती मागं, दावं सैल.
आम्ही खालून गेलो, कोरड्या नाल्यातून,
बेशरमाची झुडपं हातांनी सारत,
पायाखाली गोटे.
गाणं कुणी सुरू केलं नाही.
वर सडकेवर हसायला जमलेले लोक
बराच वेळ तिथंच उभे होते म्हणे.

संध्याकाळी गाढवी परत द्यायला गेलो,
सोबत पायलीभर ज्वारी.
"झालं का देवाचं काम?" लोभाजीनं विचारलं.
"झालं," बाबा म्हणाले. "देव पायीच गेला."
त्यानं मान डोलावली, नेहमीचीच गोष्ट असावी तशी,
आणि तिच्यापुढं कुटार टाकलं.
तिनं लगेच तोंड लावलं नाही.
सडकेकडं तोंड करून उभी राहिली,
सकाळी आम्ही आलो तेव्हा
उभी होती तशीच.