पुढे

निझवा, गुरुवार. लॅबमधला एसी असा
की डॉ. खल्फान शालीत हात घालून बसलेत.
तीस वर्षं त्यांनी भुयारी पाटांचं पाणी शिकवलं,
आज ऑनलाइन गुण भरायला शिकायचंय.

मी सांगते, 'पुढे' दाबा, उजवीकडे.
त्यांचा पडदा अरबी,
बाण डावीकडे निघालेला.
"बाई, तुमचं पुढे वेगळं दिसतंय."

वहीत पेन्सिलीनं एकेका बटणाचं चित्र,
'सेव्ह'पाशी मात्र प्रश्नचिन्ह:
हे साठून जातं कुठं?
पाटाला निदान एक पाळीवाला असतो,
कुणाचं पाणी कधी, त्याला ठाऊक.

माझ्या पुस्तिकेत ते पान नाही.
कहवा आला. खजुरानं चिकट बोटांनी
मीच चुकून कुणाचे तरी गुण पुसले.

रात्री पुस्तिका उघडली.
'उजवीकडे' तेवढं खोडलं,
तिथं काय लिहावं, सुचेना.