बिडाचा तवा

सहाला पूल खाली आणला,
लोहखनिजाचं शेवटचं जहाज
भोंगा देऊन सरोवरात गेलं
आणि मी घरी आले.
दारात एक बाई. हातात
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी,
जड असावं, दोन्ही हातांनी धरलं होतं.

"मी व्हर्ना."
सांगायची गरज नव्हती.
मिनेसोटाच्या या टोकाला माणसं थोडी
आणि हिवाळा लांबलचक;
नवऱ्याची दुसरी बायको
दुकानात दिसते, चर्चमध्ये दिसते,
पेट्रोल भरताना समोरच्या पंपावर दिसते,
आणि आपण अठरा वर्षं
मटारच्या डब्यावरचा मजकूर वाचत उभ्या.

आर्नीला जाऊन तीन आठवडे झाले होते.
मी गेले नव्हते.

कागद सोडला तर आत माझ्या आईचा तवा.
वाटण्या झाल्या तेव्हा त्यानं
बोट मागितली नाही, कुत्रा मागितला नाही,
हा तेवढा उचलून नेला.
"कधी काही शिजवलं नाही यात," व्हर्ना म्हणाली,
"दर रविवारी तेलाचा हात फिरवायचा,
पुन्हा फडताळात ठेवायचा."

यावर काय बोलायचं असतं
ते मला कुणी शिकवलेलं नाही.
म्हटलं, "जेवलीस?"

चिकन होतं, मांडीचे चार तुकडे, कातडीसकट.
कागदानं टिपून कोरडे केले,
मीठ, भरड मिरी.
बटाटे दुसऱ्या गॅसवर उकळत होते.
तवा इतका तापू दिला की
पाण्याचा थेंब उभा राहून नाचला,
मग कातडी खाली, आणि हात मागे.
व्हर्ना उलथनं घेऊन पुढे सरसावली.
"थांब. झालं की आपण होऊन सोडतं.
आधी ओढलंस तर फाटेल."
आईचं वाक्य. माझ्या तोंडून आलं,
तिच्याच फिनिश हेलात.

सात मिनिटं आम्ही दोघी
चरचर ऐकत उभ्या राहिलो.
खिडकीला वाफ धरली.

तुकडे उलटले, शिजले, ताटलीत काढले.
जास्तीची चरबी ओतून टाकली.
तळाशी राहिली ती खरवड,
काळपट तांबूस, घट्ट बसलेली.
तिच्यावर कांदा, मग लसणाची एक पाकळी.
वाईन नव्हती; नातवाचा सफरचंदाचा रस होता.
तो ओतला तसा तवा फुत्कारला,
आणि लाकडी चमच्यानं मी तळ खरवडत गेले.
चमचाभर मस्टर्ड. रस आटून निम्मा झाल्यावर
गॅस बंद करून लोण्याचा गोळा.

"त्याला हे चाललं नसतं," व्हर्ना म्हणाली.
"छे! ताटात एक पदार्थ
दुसऱ्याला शिवता कामा नये."
"मी तीन कप्प्यांची ताटं आणली होती त्याच्यासाठी."
"निळी?"
"निळी."
"त्याआधीची हिरवी माझी."

आधी ती हसली. मग मी.
मग आम्हाला टेबलाला धरून
खाली बसावं लागलं.

तो सगळा रस आम्ही
चिकनवर ओतला, बटाट्यांवर ओतला,
मटारावर ओतला, पावानं तवा पुसून घेतला.
ताटात कशाचीच हद्द राहिली नाही.
मीठ जरा जास्तच झालं होतं.
ती बोलली नाही,
पाणी मात्र तीन पेले प्यायली.

नंतर बाही वर करून ती उठली.
साबण न लावता गरम पाण्यानं तवा धुतला,
आचेवर कोरडा केला,
फडक्याचं टोक तेलात बुडवून
मधून कडेकडे, वर्तुळात,
शेवटी मुठीच्या भोकातून बोट फिरवून घेतलं.

हे भोकाचं फक्त आई करायची.
आर्नी तेव्हा शेजारी बसून
पायमोजे वाळवत असायचा;
बघत असेल असं कधी वाटलं नाही.

"कुठे ठेवू?" व्हर्नानं विचारलं.
खिळा कुठला ते मलाच आठवेना.
म्हटलं, "राहू दे गॅसवरच."