ऊन कुठवर आलं

सातपूरच्या आमच्या शेडमध्ये
चार नंबरच्या ग्राइंडरवर
दिवाळीनंतर रोज दुपारी तीनला
शाफ्ट आठ मायक्रॉननं चुकायला लागला.

आठ मायक्रॉन म्हणजे किती, घरी विचारतात,
तेव्हा मी डोक्यावरचा एक केस उपटून दाखवतो.
म्हणतो, याचा आठवा भाग.
घरचे हसतात.
गिऱ्हाईक हसत नाही, अख्खा लॉट परत पाठवतं.

दगूनाना धात्रक, सत्तावन्न पूर्ण,
त्यातली तेहेतीस याच मशीनपाशी,
चाकाच्या आवाजाला कान देऊन म्हणाले,
"मशीन तापट झालंय."
हर्षाली बेंडकोळी, एकवीस,
हरसूलकडची, आयटीआयला पहिली आलेली,
स्क्रीनवरून मान वर न करता म्हणाली,
"नाना, नुसतं वाटून चालत नाही. आकडा लागतो."

झालं.
चार दिवस अबोला.
"तिला सांग, कूलंट बदल."
"त्यांना सांगा, कालच बदललंय."
दोघांत अंतर साडेतीन फूट
आणि मी मधला, त्रेचाळीसचा चार्जहँड,
टपाल वाटत फिरतोय.
तिचा आलेख मला अर्धा कळतो,
नानांचा कान अर्धाच उतरलाय माझ्यात.
मधल्यांना दोन्ही भाषा येतात,
दोन्ही तोडक्यामोडक्या.

पाचव्या दिवशी तिनं आलेख छापून
मशीनच्या दाराला चिकटवला.
दोनशे जॉब, दोनशे ठिपके,
मुंग्यांची रांग सरळ चाललेली
आणि एका जागी एकदम भिंत चढायला लागलेली.
नानांनी चष्मा कपाळावर ढकलला,
कागद नाकाशी धरला.
ठिपक्यांकडे लक्षच नाही.
तळाशी वेळ लिहिली होती, ती वाचली,
आणि मागं वळून खिडकीकडे बघितलं.

"दसऱ्याला काचा कुणी पुसल्या रे?"

मी पुसल्या होत्या.
खंडेनवमीच्या पूजेआधी, साबण लावून,
वीस वर्षांचं तेलकट काजळ उतरवून, लख्ख.

पश्चिमेचं ऊन, टॉवेलएवढा तुकडा,
मशीनच्या बेडवर निवांत पसरला होता.
"इथं हात ठेव," नाना म्हणाले.
तिनं ठेवला. मग सावलीत ठेवला. मग परत उन्हात.
"लोखंडसुद्धा थंडीत ऊन खातं, पोरी."
"किती डिग्रीचा फरक असेल?"
"ते तू सांग."

दुसऱ्या दिवशी नाना मोहाडीहून
भावाच्या द्राक्षबागेतली जुनी हिरवी जाळी घेऊन आले.
ती स्टुलावर चढली, त्यांनी स्टूल धरलं,
गुन्हेगारानं खिळे पुरवले.
तिनं बेडला थर्मामीटर चिकटवला.
तीन वाजले. सव्वातीन.
मुंग्या सरळ चालत गेल्या.

टाळ्या वगैरे नाहीत. चहाची गाडी आली.
नाना बशीत फुंकर घालत म्हणाले,
"ते स्क्रीनवरचे आकडे जरा मोठे कर.
सहा का आठ, कळत नाही आताशा."

पाच वर्षं हे फक्त मला माहीत होतं.
मी शेजारून जाताना हळूच वाचून द्यायचो.
तिनं विचारलं नाही, कधीपासून.
दोन बोटांनी आकडे मोठे केले,
आणि म्हणाली, "एवढे पुरे?"
"अजून."

फेब्रुवारीत नाना रिटायर झाले.
एप्रिलात ऊन उजवीकडच्या खिडकीत सरकलं,
जाळी आदल्याच आठवड्यात तिथं पोचली होती.
तरी तीनला तिचा फोन वाजतो,
स्पीकरवर नाना, मागं कुठंतरी कोंबडा:
"ऊन कुठवर आलं?"
ती बेडवर तळहात ठेवते
आणि आकडा सांगते.

मला हल्ली कुणीच म्हणत नाही, त्याला सांग, तिला सांग.
मी खिडकीशी उभा राहून चहा पितो.
यंदा दसऱ्याला
काचांना हात लावायचा नाही.