बसलं की!

चोर्ल्याच्या रस्त्यावर, कणकुंबीच्या अलीकडे
खड्ड्यानं डावं पुढचं चाक चावलं.
आवाज पातेलं आपटल्यासारखा.
बेळगावपर्यंत गाडी आली, पण अशी,
की कुणी तिला खांद्याला धरून कडेला ओढतंय.

गडहिंग्लजहून दीर फोनवर म्हणाले,
"नवी कशाला? माझ्या विकल्या गाडीची चार पडून आहेत.
अलॉय. चकचकीत.
तुझी पंधरा इंच, माझी पंधरा इंच,
तुला चार भोकं, मला चार भोकं.
झालं की!"
शनिवारी संकेश्वरवरनं आली चाकं,
एसटीच्या डिकीतून, गोणपाटात बांधून,
लग्नाच्या भांड्यांसारखी.

मी शहापुरात ब्लाउज शिवते, एकतीस वर्षं.
कुणी छत्तीस सांगितलं म्हणून कातर लावत नाही.
छत्तीस कुठं? श्वास घेऊन की सोडून?
पण त्या दिवशी टेप गळ्यातच राहिली.
माणूस नात्यातला,
आणि चाकं खरंच देखणी होती.

खानापूर रोडला गुरुसिद्धाप्पाचं दुकान.
पाटी कानडीत, उधारीची वही मराठीत,
शिव्या दोन्हीत.
त्यानं चाक चढवलं.
पहिला नट गेला. दुसरा गेला.
तिसरा जरा नखरे करून.
चौथा तिरका.
मी म्हटलं, बसलं की!
"बसलं न्हाई ताई. बसल्यागत दिसलं.
ते लई वाईट बगा."

व्हर्नियर पुसून त्यानं समोरासमोरच्या भोकांवर धरला.
"तुमचं शंभर. हे अठ्ठ्याण्णव. एरडं मिलिमीटर."
ग्रीसची दोन बोटं माझ्या नाकासमोर.
पाना जोरात मारला तर?
"जातंय की. मग एक दिवस घाटात
चाक पुढं जाईल, तुम्ही मागनं.
कूडंगिल्ल."
जुळत नाही.

जुन्या टायरवर बसून त्या दुपारी मी शिकले,
पहिल्यांदा काजं करायला शिकले होते तशी.
ऑफसेट म्हणजे चाक आत किती, बाहेर किती.
आपलं पंचेचाळीस. पस्तीस घेतलं
तर सेंटिमीटरभर बाहेर येतं, रुबाबदार दिसतं,
आणि चार माणसं बसली की मडगार्डला घासतं.
सोळा इंच हवं असेल तर टायरची भिंत उतरवा,
नाहीतर काटा साठ सांगणार
आणि गाडी बासष्टनं पळणार.
(हे मला फार आवडलं. कमरेची मापं सांगताना
बायका याच्या उलट करतात.)

शेवटी निवडली ती साधी, पाच पात्यांची.
चार भोकं, शंभरवर. पंधरा इंच. पंचेचाळीस.
सगळं जुळलं, मधलं भोक सोडून:
गाडीचा हब चोपन्न, चाकाचं भोक साठ.
बाजारात अशीच येतात, म्हणाला,
सगळ्यांना व्हावीत म्हणून मोठी.
"उद्यमबागेत लुमाण्णाकडं जावा. रिंग काढून देईल."

लुमाण्णानं लेथवर ॲल्युमिनियमचा ठोकळा धरला.
कीस निघत राहिला, जरीसारखा, उसवलेल्या जरीसारखा.
आतून चोपन्न, बाहेरून साठ.
तीन मिलिमीटर जाडीची बांगडी,
जी कुणाच्या नजरेला पडणार नाही.
मग चाक नटांवर लटकत नाही, म्हणाला,
मध्यावर बसतं.

मी त्याला सांगितलं,
शिवणीच्या आत आम्हीही सोडतो एवढंच कापड.
दिसत नाही. त्याच्यावरच सगळं निभतं.
आमच्यात त्याला माया म्हणतात.
तो हसला नाही.
कानावरची पेन्सिल काढून त्यानं पावतीवर लिहिलं:
माया, चार नग.

दिरांना कळवलं. ते म्हणाले,
दोन मिलिमीटरनं काय होतंय?
मी तीन चाकं परत पाठवली.
एक ठेवलंय दुकानात, आडवं, वर गोणपाट.
गिऱ्हाईक माप द्यायला आलं की टेकतं.
तिथं मात्र ते
कुणाच्याही खाली नीट बसतं.