वेळ: हाक मारा

दोंडाईच्यात पॅसेंजर तीन तास उशिरा.
स्टेशनवरचा चहावाला म्हणाला,
"टाइमपासच करना व्हई ते बडगुजर तात्याकडे जा,
तठे खोटा मापं ठेयेल शेतस."
खळ्यांवर मिरची वाळत घातलेली.
शिंकत शिंकत गेले.

पिठाच्या गिरणीमागं एकच खोली.
पाटीवर खडूनं: वजनमाप संग्रहालय. वेळ: हाक मारा.
मारली.
सुकलाल दौलत बडगुजर, सेवानिवृत्त निरीक्षक,
बनियनवर आले, मला पाहून आत वळले,
शर्टाची वरची गुंडी लावत परत आले.
"ऑफिस आहे हे," म्हणाले.

तिकीट नाही. पण आत जाण्याआधी
काट्यावर उभं राहायचं,
कार्डावर नाव, तारीख, वजन.
जाताना पुन्हा उभं राहायचं.
"कुणी काही उचललं तर कळतं."
हसतील म्हणून मी थांबले. हसले नाहीत.

एक किलोचं लोखंड, पोटातून कोरलेलं,
भोकात लाख, लाखेवर काजळी.
पारड्याच्या बुडाला मेण, मेणात एक चिंचोका.
दुधाचं माप, त्याला दोन तळ.
दोन तळांच्या मध्ये हवा.
"ही हवा लोकांनी चौदा वर्षं विकत घेतली," ते म्हणाले,
"उकळून प्यायली."
कापडाची मीटरपट्टी, एक बोट कमी.
रॉकेलचं माप आतून चेपलेलं,
इतक्या हळुवार हातानं, की त्या हाताचं
कौतुक करताना त्यांचा आवाज मऊ झाला.
सगळं खात्यानं भंगारात काढलेलं.
लिलावाला बोली लावणारे ते एकटेच.

प्रत्येक चिठ्ठीवर गाव, साल, किती कमी.
नावावर मात्र कागदाची पट्टी चिकटवलेली.
"नातवंडं शाळेतून येतात ना बघायला,"
एक सुटलेली पट्टी अंगठ्यानं दाबत ते म्हणाले.

शेवटच्या फळीवर तापीतला एक गोटा.
सारंगखेडा यात्रा, १९८३. चाळीस ग्रॅम जास्त.

जास्त?

ते स्टुलावर बसले.
मथाबाई बोरं विकायची. हा तिचा पाव किलो.
काट्यावर टाकला, तर दोनशे नव्वद.
शिक्का नाही, म्हणजे जप्ती.
कमी असो, जास्त असो, फरक तो फरक.
ती म्हणाली, "जास्ती दिधं भाऊ, ते बी चोरी शे का?"
मी पावती फाडली. पंचवीस रुपये.
तिच्या बटव्यात एकवीस निघाले,
वरचे चार मी घातले.
आता ते चार रुपये कुठल्या खाती लिहायचे?

"तिला माहीत होतं का, जास्त जातंय ते?"
"विचारायचं राहिलं. फॉर्मात तो रकाना नव्हता."

आधी हा गोटा लबाडांच्या रांगेत होता,
मग खिडकीत, मग वर्षभर देव्हाऱ्यात.
बायको म्हणाली, उचला, किंवा रोज फूल तरी वाहा.
आता इथं.

मी हातात घेतला.
चाळीस ग्रॅम हाताला कळत नाहीत.
चार-पाच बोरं.
कुणा पोराच्या खिशात
घरी पोचायच्या आत संपलेली.

निघताना काट्यावर उभी राहिले.
अडीचशे ग्रॅम जादा.
त्यांनी चष्मा पुसला. काटा पाहिला. मला पाहिलं.
माझी पर्स पाहिली, पण हात लावला नाही.
गिरणीचा पट्टा थांबला होता, मागं कुणीतरी
पीठ भरून डबा आपटत होतं.
मग त्यांनी फळीकडे मान वळवली,
गोटा जागेवर होता,
आणि त्याच्या शेजारी पालथा ग्लास,
आल्याआल्या त्यांनीच मला भरून दिलेला.

त्यांनी कार्ड घेतलं,
फरकाच्या रकान्यात सावकाश लिहिलं: पाणी.
खाली सही.
मग शिक्का शोधू लागले.
गाडी नरडाण्याहून सुटली असेल, मी म्हणाले.
"थांबा," ते म्हणाले, "शाई वाळलीय."